दोन व्याही, दोन फळ्या

पॅडलबोर्डवर व्याह्यांच्या आधी चढायचं की नंतर, याचा खुलासा कुठल्याच पोथीत नाही. असता तर कुंडलिका नदीच्या गाळात रुतून, कानात पाणी आणि डोक्यावर शेवाळ घेऊन, रोहे शहराची शोभा बघायची वेळ माझ्यावर आली नसती. अर्थात मग ती शोभा बघायचीच राहिली असती, तेही खरं.

मी पेणचा. गणपतीच्या कारखान्यांना लागणाऱ्या रंगांचं माझं दुकान आहे. आमच्याबद्दल रोह्याकडचे लोक म्हणतात, "पेणकर म्हणजे वरून रंग, आतून पोकळ." आम्ही रोहेकरांबद्दल काय म्हणतो ते इथे लिहीत नाही, कारण आता माझी मुलगी त्या गावात दिली आहे.

तशी 'दिली' म्हणणं म्हणजे माझा आगाऊपणा. ती पुण्याला नोकरीला, तो पुण्याला नोकरीला, त्यांचं त्यांनीच ठरवलं. साड्या, दागिने, आमंत्रणं, सगळं मोबाइलवर परस्पर उरकलं. आम्हा दोन बापांना वाईट वाटू नये म्हणून त्यांनी एकच काम मागे ठेवलं होतं : लग्न पेणला करायचं की रोह्याला, एवढं तुम्ही ठरवा.

तेवढंच आमच्याच्यानं होईना.

"व्याहीबुवा, तुम्ही म्हणाल तिथं," मी फोनवर म्हणायचो.

"छे छे! मुलीकडचे तुम्ही. तुम्ही सांगाल तिथं."

"असं कसं? मान तुमचा."

"मान कसला घेऊन बसलात! तुम्ही नुसता शब्द टाका."

मग कोणीच शब्द टाकायचं नाही. मग थोडं थंडीबद्दल, थोडं हायवेबद्दल, विहीणबाईंच्या गुडघ्यांबद्दल, आणि "बरंय, ठेवतो." दसरा गेला, दिवाळी गेली, तुळशीचंसुद्धा लग्न लागून गेलं. तिला कोणी विचारलं नव्हतं कुठं करायचं म्हणून; वृंदावनापाशी उभी होती, तिथेच उरकलं.

मनातून मला लग्न पेणलाच हवं होतं. उभा जन्म मी कारखानदारांच्या पोरांच्या लग्नांत जिलब्या हाणल्या. आता एकदा माझ्या दारच्या मांडवात त्यांना जेवायला बसवायचं, आग्रह करकरून त्यांचे पट्टे सैल करायला लावायचे, एवढीच माझी हौस. पण हे व्याह्यांना सांगायचं कसं? मुलीकडच्यानं हट्ट धरला असं व्हायचं. आणि ते सारखे "तुम्ही म्हणाल तिथं" म्हणतात, त्याअर्थी त्यांना पेण पसंत नाही, बोलवत नाही एवढंच, असा मी माझ्यापुरता निष्कर्ष काढून बसलो होतो.

शेवटी मुलीचा फोन आला. "बाबा, रविवारपर्यंत ठरलं नाही तर आम्ही पुण्यात हॉल घेतोय."

"पुण्यात? आपलं कोण आहे पुण्यात?"

"कोणी नाही. पण पार्किंग आहे."

ते पार्किंग माझ्या काळजात रुतलं. लेकीचं लग्न, आणि कशासाठी, तर गाड्या नीट लागाव्यात म्हणून पुण्याला!

यावर होणाऱ्या जावयांनी एक तोड काढली. रोह्यात कुंडलिकेवर पॅडलबोर्डची सफर सुरू झाली होती. फळीवर उभं राहून वल्हं मारत जायचं, बरोबर गाईड, आणि पाण्यातून गाव बघायचं. जावयांनी आम्हा दोघांच्या नावे रविवारची सकाळ ठरवून टाकली. "पाण्यावर चहा नाही, फोन नाही, नातेवाईक नाहीत," ते म्हणाले, "दोघंच जा आणि ठरवून या."

मी म्हटलं, "पाण्याचं मला काय सांगता! मी खाडीकाठी वाढलो." खोटं नव्हतं ते. पेणजवळच्या अंतोऱ्याच्या खाडीच्या काठी मी खरोखर वाढलो. तेव्हा खाडी खाडीच्या जागी होती आणि मी काठावर होतो, आणि आमच्यात कधी वाकडं आलं नाही.

रविवारी सकाळी वडखळ, नागोठणे करत मी आणि बायको रोह्याच्या घाटावर पोचलो. व्याह्यांना भेटायचं म्हणून मी कडक इस्त्रीची पांढरी पँट चढवली होती. बायकोनं रिकाम्या हाती जायचं नाही म्हणून पोह्याच्या पापडांची कापडी पिशवी दिली होती. व्याही वरसे गावातून आधीच येऊन उभे होते. नवी कोरी ट्रॅकपँट, तिचं लेबल मागे तसंच लोंबत होतं. अंगानं माझ्यासारखेच, मिशी मात्र माझ्यापेक्षा भारदस्त. ते आयुष्यभर नदीपासून हाकेच्या अंतरावर राहिले आणि नदीत कधी उतरले नाहीत, हे मला नंतर कळलं. त्यांनीही बहुधा मुलाला "नदीचं मला काय सांगतोस" असंच सांगितलं असणार.

मी पिशवी पुढे केली. "पापड. घरचेच."

"अरे, कशाला उगाच," म्हणत त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि मग त्यांची पंचाईत झाली. व्याह्यांनी दिलेली वस्तू पायरीवर ठेवायची कशी? विहीणबाई माझ्या बायकोला घेऊन वर बाकावर जाऊन बसल्या होत्या. शेवटी त्यांनी पिशवी आपल्या फळीच्या नाकाडावर, सामान अडकवायच्या रबरी दोऱ्यांखाली खोचली. पापड निघाले जलविहाराला.

आमची गाईड रोह्याचीच पोरगी. डोक्याला टोपी, गळ्यात शिट्टी, आवाज एसटी कंडक्टरला लाजवणारा. आधी कोलाडला लोकांना राफ्टिंग करवायची. तिनं आम्हाला लाइफ जॅकेट घातली. माझ्या पोटावर पट्टा बसेना. व्याह्यांच्याही बसेना, ते बघून बरं वाटलं.

"काका, नीट ऐका," ती म्हणाली. "आधी गुडघ्यावर बसायचं. तोल आला की मी सांगेन, मग उभं राहायचं. पॅडल सोडायचं नाय. कळलं? चला, पहिलं कोण?"

"चढा, व्याहीबुवा," मी म्हणालो.

"छे छे, आधी तुम्ही."

"असं कसं? तुम्ही वयानं वडील."

"तुम्ही पाहुणे."

"काका," पोरगी म्हणाली, "भरती थांबत नाय."

मग आम्ही दोघे एकाच क्षणी चढलो, आणि दोन्ही फळ्या एकमेकींना अशा भिडल्या की नमस्कार आमचा आणि टक्कर त्यांची. पण तरंगलो. खालून, समुद्राकडच्या रेवदंड्याहून, भरती चढत होती, तिनं आम्हाला अलगद उचलून वरच्या अंगाला न्यायला सुरुवात केली. गुडघ्यावर बसून मी वल्हं मारत होतो आणि मनाशी म्हणत होतो, अरे, हे तर जमतंय!

"उजव्या हाताला बघा," गाईड सांगत होती. "हा जुना घाट. म्हणतात, पूर्वी भरतीबरोबर गलबतं हितपर्यंत यायची. मीठ, कौलं उतरायची, भात भरून जायचा. पलीकडं ते अष्टमी गाव. नीट बघा काका, असं रोहे रस्त्यावरनं दिसत नाय."

ती सांगत होती ते सोन्यासारखं होतं, पण बघतो कोण? माझं लक्ष व्याह्यांकडे. ते मागे तर पडत नाहीत ना? मी पुढे तर जात नाही ना? पुढे गेलो तर उद्धट, मागे राहिलो तर पेणकर ढिला. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्या फळीचं नाक बघत होतो आणि त्याच नाकावर पापड.

"आता उभे राहा, सावकाश," तिनं सांगितलं.

व्याही उभे राहिले. मी अजून गुडघ्यावर. तोच घाटावरून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो! ते उभे आहेत, आणि तुम्ही बसलात काय खुशाल!"

पाण्यावरून आवाज काय स्वच्छ येतो! मी धडपडत उठू लागलो. मला उठताना बघून व्याही संकोचले. "बसा, बसा, माझ्यासाठी उठू नका," म्हणत ते स्वतःच खाली बसले. ते बसल्यावर मी कसा उभा राहू? मी बसलो. मी बसलो हे बघून गाईडच्या धाकानं ते पुन्हा उठले. मग मी उठलो. मग ते बसले.

शिट्टी वाजली. "काका, हे काय चाललंय? शाळेत उठाबशा काढल्या नाय का कधी?"

काठावर फिरायला आलेली मंडळी एव्हाना कठड्याला टेकून उभी राहिली होती. कोणी तरी म्हणालंसुद्धा, "पैज लागलीय वाटतं."

अखेर एकदाचे आम्ही दोघेही एकाच वेळी उभे राहिलो. तो क्षण मी विसरणार नाही. डोक्यावर कोवळं ऊन, पायाखाली फळी, फळीखाली नदी, आणि बाजूला ताठ उभे व्याही. आमच्या दोघांच्या चेहऱ्यांवर असं हसू की जणू गलबतं आम्हीच आणली.

आणि तेवढ्यात काठावर देऊळ आलं.

आता देऊळ दिसल्यावर आपले लोक काय करतात? एसटीतून दिसलं तरी करतात, मोटरसायकलवरून दिसलं तरी करतात. आम्ही दोघांनी चपला काढलेल्याच होत्या. डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले.

दोन्ही.

वल्ही पाण्यात पडल्याचे दोन आवाज झाले. मी डोळे उघडले तर माझं वल्हं आणि त्यांचं वल्हं, दोघं मात्र कसलाही आधी-तुम्ही-नंतर-मी न करता, शेजारी शेजारी भरतीबरोबर चालली होती. माझी फळी आडवी झाली. त्यांची माझ्यावर आली. "सांभाळा!" म्हणून त्यांनी मला हात दिला. व्याह्यांनी पुढे केलेला हात नाकारायचा नसतो म्हणून मी तो धरला. पुढचं तुम्हाला दिसतंच आहे.

आमच्या पेणहून दरवर्षी गाड्याच्या गाड्या भरून मूर्ती पाण्यात जायला निघतात. त्यांना वरून टाटा करताना त्यांच्या पोटात काय होत असेल याचा मी कधी विचार केला नव्हता. त्या सकाळी सगळा खुलासा झाला. नाकात नदी, तोंडात नदी, मी हातपाय झाडत "बुडालो, बुडालो" करतोय आणि वरून ती पोरगी ओरडतेय, "काका, उभे राहा! कमरेएवढंच पाणी हाय!"

उभा राहिलो. कमरेएवढंच होतं. पण खाली गाळ. पाय गुडघ्यापर्यंत आत गेले आणि तिथेच मुक्कामाला राहिले. हातभर अंतरावर व्याही असेच रोवले गेले होते. मिशीतून काळं पाणी टपकत होतं. आमच्या फळ्या दोरीनं घोट्याला बांधलेल्या, त्या शेजारी शेळ्यांसारख्या हेलकावत होत्या. पापडांची पिशवी मात्र सुटून वल्ह्यांच्या मागोमाग निघाली होती.

"जॅकेट हाय अंगात, काय होत नाय," गाईड म्हणाली. "हलू नका, हललात तर अजून रुताल. मी हितंच हाय, पॅडल घेऊन येते." आणि ती सपासप गेली.

राहिलो आम्ही दोघे. जावई म्हणाले होते तसंच : चहा नाही, फोन नाही, नातेवाईक नाहीत.

तेव्हा मी पहिल्यांदा समोर बघितलं. दुसरीकडे बघायची सोयच नव्हती. इतकी वर्षं रोहे मला ठाऊक होतं ते स्टँडचं, बाजारातल्या गर्दीचं, रिक्षावाल्यांचं. आज गाव पाठ वळवून नव्हे, तोंड करून बसलं होतं. घाटाच्या पायऱ्या पाण्यात उतरलेल्या, वर देवळाचा कळस, थोडं पलीकडे मशिदीचा मिनार, मधून मधून कौलं, गच्च्यांवर वाळत टाकलेल्या चादरी, एका खिडकीत दात घासणारा माणूस. आणि सगळ्याची उलटी प्रत खाली पाण्यात, जरा हलणारी, ओल्या रंगासारखी. मी रंगाचा व्यापारी. म्हटलं, हा रंग आपल्या दुकानात नाही.

"तुमचं गाव छान आहे हो," मी म्हणालो. बऱ्याच दिवसांत मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं मनातलं वाक्य.

त्यावर ते हात वर करून, बोटावरून चिखल ओघळत असताना, म्हणाले, "ती पायरी दिसते? देवळाखालची, रुंद. आमची आई तिथं येऊन बसते. रिक्षानं आणतो संध्याकाळी. त्यापल्याड तिला नेता येत नाय. गाडीत बसवली की भोवळ येते. नागोठण्यापर्यंतसुद्धा गेली नाय कित्येक वर्षांत. रोज विचारते, लग्न कुठं रे? मी सांगतो, ठरतंय."

मला एकदम उमगलं. पेणला लग्न म्हणजे म्हातारीला नातवाचं लग्न नाही. दोन महिने हा माणूस हे पोटात घेऊन मला "तुम्ही म्हणाल तिथं" म्हणत होता!

"मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार? मुलीकडचे तुम्ही. तुमच्यावर भार टाकल्यासारखं व्हायचं."

"भार? अहो, आणि मी 'पेण' म्हणालो असतो तर?"

"तर 'बरं' म्हटलं असतं."

"आणि आईला?"

ते पुन्हा त्या पायरीकडे बघू लागले. माझं डोकं फिरलं. "गाढव आहात!" मी ओरडलो. "शुद्ध गाढव आहात तुम्ही!"

शब्द गेला तो पाण्यावरून थेट घाटापर्यंत गेला. वर बाकावर आमची मंडळी उभी राहिलेली मला दिसली. कठड्याला टेकलेले लोकही सरळ झाले. लग्नाआधी वरपित्याला भर नदीत गाढव म्हणणारा वधूपिता! म्हटलं, संपलं. आता पुण्याचं पार्किंगसुद्धा लागणार नाही.

व्याह्यांनी मिशीवरचा चिखल पुसला. "व्हय," ते म्हणाले, "हाय मी गाढव. पण एकटा नाय. तुम्ही सांगा, तुम्हाला कुठं हवं होतं?"

"पेणला! आमच्या दारात! सगळ्या कारखानेवाल्यांना बसवून जेवू घालायचं होतं."

"मग तुम्ही का नाय बोललात?"

मी कानातलं पाणी काढायला लागलो.

"बघा," ते म्हणाले, "म्हणतात ते खोटं नाय. पेणचा माणूस, वरून रंग आतून पोकळ. म्हणून तर बुडला नाय तुम्ही!"

आणि आम्ही हसलो. असं हसलो की हसण्यानं अजून चार बोटं रुतलो. एकदा बांध फुटला म्हटल्यावर मग काय विचारता. मी म्हटलं, लग्न इथंच, घाटाजवळ, आईंना दिसेल असं. माझी माणसं चालती-फिरती आहेत, येतील बसनं. पण जेवण पेणचं! आचारी माझा, वाढपी माझे, आग्रह माझा.

"जेवण तुमचं, मान्य. पण वालाचं बिरडं आमच्या आचाऱ्याचं."

"का? आमच्याकडं वाल नाहीत?"

"वाल हायत. सोलायला माणूस नाय. तुमच्या बिरड्यात सालं येतात, साखरपुड्याला आली होती."

"साखरपुड्याला तीनदा मागून घेतलंत!"

"तुमचं मन मोडू नये म्हणून!"

"आमच्या बिरड्याला नाव ठेवाल तर—"

शिट्टी वाजली. गाईड दोन वल्ही आणि एक ठिबकणारी पिशवी घेऊन परतली होती. "काका! भांडू नका! मी काढते ना बाहेर!"

"भांडत नाय गो," व्याही तिला म्हणाले, "लग्न ठरतंय."

तिनं आम्हाला एकेकाला आडवं करून, फळीवर पोटावर ओढून काढलं. पाय गाळातून सुटताना जो आवाज झाला तो सभ्य माणसानं लिहू नये. परत घाटावर आम्ही पालथे पडून, हातांनी पाणी मारत आलो. दोघे एका रेषेत. पुढे कोण, मागे कोण, हे मला खरंच आठवत नाही.

घाटावर बायकोनं माझ्या पांढऱ्या पँटीकडे नुसतं बघितलं, पिशवीतले भिजलेले पापड बाहेर काढले आणि विहीणबाईंच्या ओढणीवर, देवळाखालच्या त्याच रुंद पायरीवर, उन्हात मांडायला घेतले. पेणची बाई, तिला पापड ओला बघवत नाही. विहीणबाईही मांडू लागल्या. मी तिथूनच बायकोच्या मोबाइलवरून मुलीला फोन लावला.

"ठरलं?" ती म्हणाली.

"ठरलं. रोह्याला. जेवण पेणचं. बिरड्यावर चर्चा चालू आहे."

"तुमचा आवाज असा का येतोय?"

"कानात कुंडलिका आहे."

दुपारी व्याह्यांच्या घरी जेवायला बसलो. अंगावर त्यांचा लेंगा-सदरा. खाटेवर बसलेल्या त्यांच्या आईच्या कानाशी वाकून ते मोठ्यानं म्हणाले, "आई, लग्न हितंच! घाटावर!"

म्हातारीनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग इतके दिवस दोघं काय करत होतात?" एवढंच म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला, आणि लगेच पदराआडून विचारलं, "मला पुढची खुर्ची ठेवाल ना रे?"

मग ते पापड तळून आले. नदीत बुडून, उन्हात वाळून, तेलात फुलून. दिसायला झकास. बायकोनं सवयीनं पहिला व्याह्यांच्या ताटात वाढला. त्यांनी तुकडा मोडला, जिभेवर ठेवला, चेहरा वाकडा केला आणि ताट बाजूला सारलं.

"नाय," ते म्हणाले. "मी नाय खाणार. नदीची चव लागते."

बायकोचा चेहरा पडला. माझा मात्र असा खुलला की ताटावरून उठून त्यांना मिठी मारावीशी वाटली. या माणसानं मला पहिल्यांदा तोंडावर 'नाय' म्हटलं होतं. आता आम्ही खरे व्याही झालो.

पापड सगळे मला संपवावे लागले. मुलीकडचा ना मी.